उलट्या बाजूची काच

सगळी गल्ली त्याला चष्मेवाला म्हणते. फक्त त्याची थोरली बहीण त्याला छोट्या म्हणते, आणि तेही चारचौघांत. छोट्याचं वय अठ्ठावन्न, वजन ब्याण्णव किलो, डोक्यावरचे केस बोटांवर मोजावेत इतके. पण ताईची हाक आली की गिऱ्हाईक समोर बसलेलं असो, भिंग हातात असो, हा सगळं टाकून उठतो.

ताईने चौतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढली. चादरी, अभ्रे, हिरवे डगले, आणि वाफ. चष्म्याचा नंबर उणे चौदा. त्या जाड काचांमागे तिचे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. त्यातला डावा अकरा वर्षांपूर्वीच गेला. त्याला आता फक्त उजेड कळतो. सगळा कारभार उजव्यावर. आणि गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, उजव्याचाही पडदा पातळ झालाय, येत्या बुधवारी शस्त्रक्रिया करू, बहुतेक ठीक होईल. ‘बहुतेक’ या शब्दात किती पाणी असतं हे चष्मेवाल्याला चांगलं ठाऊक होतं. तो स्वतः तो शब्द दिवसातून दहा गिऱ्हाइकांच्या तोंडावर मारत असे.

“बुधवारच्या आधी काय बघायचंय ते सांग,” तो ताईला म्हणाला होता. त्याला वाटलं, ती नातवाचं नाव घेईल, किंवा एखादं दूरचं गाव.

“कासव,” ताई म्हणाली. “पोहताना.”

झालं होतं असं, की धुलाईखात्यात चहा प्यायच्या खोलीत एका कॅलेंडरचं पान होतं, त्यावर समुद्रात पोहणारं कासव. वर्ष संपलं, पुढची नऊ वर्षंही संपली, पण ते पान काढायचा कुणाला धीर झाला नाही. ताई रोज चहा घेताना त्याच्या अगदी पुढ्यात, नाक टेकेल इतकी जवळ उभी राहायची. पंख्याखाली नुसतं बसून राहण्यापेक्षा ते बरं, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी परवानगी दिली: नुसतं तरंगा, उडी नाही, बुडी नाही. अडचण एकच होती. पाण्यात चष्मा चालत नाही आणि चष्म्याशिवाय ताईला स्वतःचा हातही धड दिसत नाही. मग चष्मेवाल्याने ते काम अंगावर घेतलं. दोन खिडक्यांचा एक पाण्यातला मास्क आणला, उणे चौदाचं भिंग घासलं, आणि उजव्या खिडकीला आतून कडेकडेने पारदर्शक गोंदाने चिकटवलं. डाव्या खिडकीला काहीच नाही; डावा डोळा काय बघणार! मशिनवर नंबर तपासला तर तंतोतंत. आपल्याच पाठीवर थाप मारता येत नाही म्हणून, नाहीतर त्याने ती मारली असती. ताईला मात्र घालून बघू दिला नाही. म्हणे, आश्चर्याचा धक्का द्यायचाय. या माणसाला धक्के द्यायची भारी हौस.

तर शनिवारी सकाळी, बायकोच्या हवाली दुकान करून, तो ताईला घेऊन बोटीवर चढला. बोट चालवणारी बाई रुंद खांद्यांची, उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी. सगळे तिला कप्तानबाई म्हणत होते. बाकी प्रवासी पाचच: एक नवं जोडपं, कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, आणि चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर.

“दोन ठिकाणी थांबणार,” कप्तानबाईने सांगितलं. “आधी खडकाजवळ मासे. मग पाव तास पुढे, पाण्याखालच्या गवताच्या पट्ट्यावर कासवं. तिथे वीस मिनिटं. नंतर पाणी फिरतं, ओहोटी लागते, मग मी कुणाचं ऐकत नाही. कासवाला हात लावायचा नाही. हात लावलेला दिसला तर मी हात लावीन.”

खडकापाशी ताई शिडीवरून जपून उतरली. केशरी जॅकेट, तोंडात नळी, चेहऱ्यावर छोट्याचा मास्क. कप्तानबाईने टाकलेल्या रबरी कड्याला धरून तिने पाण्यात तोंड घातलं. शेजारी चष्मेवाला तरंगत होता. तरंगण्याच्या बाबतीत त्या ब्याण्णव किलोंनी कधी नव्हे ती साथ दिली. खाली प्रवाळाच्या फांद्यांतून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे थव्याने वळत होते, एकदम, कुणीतरी हुकूम दिल्यासारखे. त्याने आनंदाने ताईचा हात दाबला. तिनेही दाबला.

वर आल्यावर कप्तानबाईने टॉवेल देत विचारलं, “काय मावशी, दिसले का मासे?”

“वा! दिसले की! काय सुंदर!” ताई म्हणाली.

“कुठल्या रंगाचे होते?” मैत्रिणींपैकी एकीने विचारलं.

“सगळ्या रंगांचे,” ताई म्हणाली. “अगदी सगळ्या.”

चष्मेवाल्याने कान टवकारले. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता आहे, आणि गाडीच्या परवान्यासाठी कागदावर सही हवी असणारी माणसं तो तक्ता बाहेर उभं राहून पाठ करतात. मग खुर्चीत बसून शेवटची ओळ घडाघडा म्हणतात. न दिसणारा माणूस नेहमी जरा जास्तच खात्रीने बोलतो. तीस वर्षांत असा एकही आवाज त्याच्या हातून सुटला नव्हता.

बोट सुटली. तो ताईजवळ जाऊन बसला.

“ताई, खरं सांग. काय दिसलं?”

“सांगितलं की.”

“ताई.”

ताई टॉवेलने केस पुसत राहिली. वर आल्यापासून तिने आपला चष्मा पिशवीतून काढलाच नव्हता. मग म्हणाली, “पाणी दिसलं. पाणी चांगलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? मला वाटलं, डोळ्याने बुधवारची वाट न बघता रामराम ठोकला. म्हटलं, तू एवढी खटपट केलीस, तुझा दिवस कशाला नासवायचा. घरी जाऊन सांगितलं असतं.”

चष्मेवाला नऊ वर्षांचा असताना त्याने ताईचा एकुलता एक चष्मा पायाखाली तुडवला होता. ताईने आईला सांगितलं, माझ्याच हातून पडला. त्या पावसाळ्यापासून थेट वार्षिक परीक्षा उलटेपर्यंत ती चष्म्याविना शाळेत गेली, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवलं आणि नापास झाली. या सगळ्यात त्याचं नाव तिने आजपर्यंत घेतलेलं नाही. तो या धंद्यात पडला तो का, असं कुणी विचारलं तर तो सांगतो की काकांचं दुकान होतं. काकांचं दुकान होतं हे खरंच आहे. पण काकांचं सायकलचंही दुकान होतं.

त्याने मास्क उचलून उजेडात धरला. काच स्वच्छ, गोंद पक्का, भिंगाला ओरखडा नाही. मग त्याने तो चेहऱ्याकडे नेला, घालायला म्हणून, आणि तिथेच थांबला. भिंग त्याच्या डाव्या डोळ्यासमोर आलं होतं.

त्याने कपाळावर हात मारला, तोही असा की मास्तर दचकले.

तीस वर्षं गिऱ्हाईक त्याच्या समोर बसतं. समोरच्याचा उजवा डोळा म्हणजे याच्या डाव्या हाताची बाजू, हे त्याच्या हाडामांसात इतकं मुरलं होतं की विचार करायची वेळच यायची नाही. मास्क मात्र त्याने आतली बाजू आपल्याकडे करून, स्वतःच घालणार असल्यासारखा टेबलावर ठेवला होता, म्हणजे उजवी खिडकी उजव्याच हाताला. हाताने आपलं नेहमीचं काम केलं, डावीकडे चिकटवलं. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाने ते बरोबर चिकटवलं असतं. चुकायला चष्मेवालाच हवा होता.

“डोळा गेलेला नाही, ताई!” तो ओरडलाच. “डोळा ठणठणीत आहे! अक्कल गेलीय, माझी!”

ताईने त्याच्याकडे बघितलं. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि टॉवेलच्या आड तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय हे कुणाला कळेना. तिलाही कळत नसावं.

पाव तासातली पाच मिनिटं गेली होती. चष्मेवाल्याने कप्तानबाईकडे पातळ सुरी मागितली आणि भिंगाची कड सोडवायला घेतली. भिंग एकच. तडा गेला की खेळ खलास. बोट आदळत होती आणि सुरीचं टोक सारखं घसरत होतं. ताईने त्याचं कोपर आपल्या गुडघ्यावर घट्ट दाबून धरलं. गोंद पापुद्र्यासारखा सुटत आला. भिंग अख्खं त्याच्या तळहातावर उतरलं, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

आता ते उजवीकडे चिकटवायचं कशाने? गोंद दुकानात होता, आणि दुकान जमिनीवर. कप्तानबाईची चिकटपट्टी ओल्या हवेत धरेना. तेवढ्यात नव्या जोडप्यातली नवरी, जी निघाल्यापासून बोट लागू नये म्हणून काहीतरी चघळत होती, संकोचून म्हणाली, “काका, च्युइंगगम चालेल?”

“चालेल? धावेल!” चष्मेवाला म्हणाला. “पण एकाचं पुरायचं नाही. आणि गोडी पार जाईपर्यंत चावायला हवं. साखर राहिली तर घसरेल.”

पाकीट फिरलं. नवरा, नवरी, दोन्ही मैत्रिणी, सगळे गाल फुगवून जिवाच्या आकांताने चावायला लागले. कप्तानबाई एका हाताने सुकाणू धरून चावत होती. मास्तर म्हणाले, “माझी कवळी आहे हो. माझ्या वाट्याचं तुम्ही चावा, मी वेळ बघतो.” आणि त्यांनी खरंच घड्याळ हातात घेतलं. “सहा मिनिटं उरली. चावा!”

तासाभरापूर्वी ज्यांनी ताईचं तोंडही पाहिलं नव्हतं अशी ही पाच माणसं एका म्हातारीच्या एका डोळ्यासाठी जबडे दुखेस्तोवर चावत होती. चष्मेवाल्याला त्यांच्याकडे बघवेना. देवाचे आभार मानायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने मनातल्या मनात एकेका जबड्याचे मानले.

गुलाबी गोळ्या एकेक करून त्याच्या तळहातावर आल्या. त्याने त्या वळल्या, आणि भिंगाच्या कडेला चार ठिकाणी लावल्या. या वेळी आधी मास्क ताईच्या चेहऱ्यासमोर धरला, तिच्या उजव्या गालाला बोट लावलं आणि मोठ्याने म्हणाला, “हा उजवा.” सगळ्या बोटीने माना डोलावल्या, तेव्हाच त्याने भिंग त्या खिडकीला आतून दाबलं.

ताईने मास्क चढवला. मान वळवली.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमच्या शर्टाचं वरून तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे.”

मास्तरांनी खाली बघितलं. बटण खरंच निळं होतं. बोटीवर असा गलका झाला की कप्तानबाईला शिट्टी फुंकावी लागली.

गवताच्या पट्ट्यावर पाणी शांत होतं. ताई उतरली, कडं धरलं, तोंड पाण्यात घातलं. चष्मेवाला तिला चिकटून तरंगला आणि त्याने तिच्या मास्कवरची नजर हलवली नाही. एक गोळी वरच्या कोपऱ्यात जराशी सुटल्यासारखी दिसत होती. ती घसरली तर भिंग जाणार, भिंग गेलं तर सगळंच. तो त्या गुलाबी ठिपक्याकडे टक लावून बघत राहिला, श्वास नळीतून फुसफुस चालू. ताईची बोटं त्याच्या बोटांत होती. मध्येच ती घट्ट झाली. मग सैल झाली. मग इतकी घट्ट झाली की त्याची अंगठी रुतली, आणि तशीच राहिली, खूप वेळ.

शेवटी ताईने डोकं वर काढलं. नळी तोंडातून काढली.

“छोट्या, ते गवत चरतं रे. गाईसारखं. मान तिरकी करून ओढतं, मग चावत बसतं. आणि पाठीवर त्याच्या एक छोटा मासा बसून होता, फुकटात फिरत. आणि मग ते माझ्याकडे बघत वर आलं, अगदी इथे, नाक बाहेर काढलं, श्वास घेतला, आणि निघून गेलं. म्हातारं होतं. माझ्याएवढं म्हातारं असेल. पाहिलंस ना तू?”

चष्मेवाल्याने तिच्या मास्कचा वरचा कोपरा बोटाने दाबला.

“पाहिलं नाहीस?”

“मी काच बघत होतो,” तो म्हणाला. “सरकतेय का ते.”

ताई त्या जाड भिंगातून त्याच्याकडे बघत राहिली, पाण्याने निथळणारी, केशरी जॅकेटमध्ये हनुवटीपर्यंत बुडालेली. बुधवारी काय होणार ते दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

“किती वेळ उरलाय?” तिने वर बघून विचारलं.

“नऊ मिनिटं!” मास्तर कठड्यावरून ओरडले.

ताईने नळी पुन्हा तोंडाशी नेली आणि त्याचा हात आपल्याकडे ओढला.

“काच राहू दे. पडली तर पडली,” ती म्हणाली. “चल, मी दाखवते तुला.”