ताईचं नको

कॅफे कसला, बोळकांडीच होती ती. एका अंगाला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या अंगाला लॉन्ड्री आणि मध्ये दाटीवाटीने मांडलेली चार टेबलं. तरी सुट्टीच्या दिवशी बाहेर रांग. ना धड नाश्त्याची वेळ, ना जेवणाची. याला ब्रंच म्हणतात, असं धाकटीने सांगितलं.

"म्हणजे उशिरा उठणाऱ्यांचे लाड," ताई म्हणाली.

ताई आज एकच गोष्ट मनात धरून आली होती. मागे न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि शेजारणीने हाक मारेपर्यंत ती ओल्या फरशीवर पडून राहिली. तेव्हापासून एकटीच्या घरात तिला भीती वाटायची. साधीसुधी नाही, घास न उतरण्याइतकी. धाकटीची लेक शिकायला परगावी गेलेली, तिची खोली रिकामी. धाकटीने नुसतं "ये" म्हणावं, एवढंच ताईला हवं होतं. पण आपण होऊन मागायचं? जीव गेला तरी नाही.

त्यांच्या घरची रीतच वाकडी. कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्या आग्रहाला मुकाट घ्यायचं. पहिल्या फटक्यात हो म्हटलं की आई डोळे वटारायची. लग्नाला होकारसुद्धा ताईने असाच दिला होता. सासरच्यांचा जीव तोवर टांगणीला.

कॉफी आली, मागोमाग ऑमलेट आलं.

"घे ना, ताई."

"नको गं, भूक नाही."

"अर्धं तरी."

"खरंच नको."

"घे बाई, गार होतंय."

ताईने घेतलं. भूक तर सपाटून लागली होती. लोणी लावलेला टोस्टही तसाच, तिसऱ्या आग्रहाला पोटात गेला.

मग धाकटी उगाच कॉफी ढवळत बसली. साखर केव्हाच विरघळली होती.

"ताई, तू आमच्याकडे येतेस का राहायला?"

ताईचा जीव भांड्यात पडला. पण जन्माची सवय ती, जिभेवर आधी तीच आली.

"छे गं, तुमच्यात माझी अडगळ कशाला?"

आणि ती वाट बघत राहिली. कॉफीचं मशीन फुसफुसून गप्प झालं. रांगेतला एकजण काचेतून त्यांच्या टेबलावर डोळा ठेवून होता.

"बरं," धाकटी म्हणाली. "तुला सोयीचं असेल तसं." तिने चमचा बशीत ठेवला आणि कितीतरी वेळाने पाठ खुर्चीला टेकवली.

ताईला आईचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. चुलीत गेली ती रीत. तिने टेबलाची कड धरली.

"येते मी. मला एकटीला भीती वाटते गं."

धाकटीचा चेहरा उतरला.

"पण तू आत्ताच नको म्हणालीस."

"एकदाच तर म्हणाले. आपल्या घरात एकदाचं नको कोण धरतं?"

धाकटीने कप बाजूला सरकवला.

"मीही एकदाच विचारलं, ताई."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. लोक बघायला लागले, आणि तिची समजूत घालायचं कामही ताईच्याच गळ्यात पडलं.