बाहुलीचे कपडे

ऑफिसात तिला सगळे गाळणीबाई म्हणत. पोरांच्या फोनवर नको ते दिसू नये म्हणून कंपनीने फिल्टर बनवला होता आणि त्यात कुठले शब्द अडवायचे ते ठरवणं हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेकीच्या फोनवरही तिने तोच फिल्टर बसवला आणि निर्धास्त झाली. आपल्याच हातचं काम म्हटल्यावर तपासतंय कोण?

लेक शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईलाच फैलावर घेतलं. पोरगी कित्येक महिने धड जेवलेली नाही, घरात कोणाचं लक्ष असतं की नाही? ढगळ सदरे म्हणजे फॅशन, असं समजून बसलेल्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्याच्या बाकावरच तिने लेकीचा फोन उघडला. शोध पुन्हा पुन्हा एकच: बाहुलीचे कपडे. पंधरा वर्षांची घोडी, हिला आता बाहुल्या कशाला? तिने तेच टाकून पाहिलं. बाहुली एकही नव्हती. हाडं वर आलेल्या मुली होत्या, उपाशी राहिल्याबद्दल एकमेकींची पाठ थोपटत होत्या. आणि कोपऱ्यात कंपनीची हिरवी खूण, सुरक्षित. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेकीला आजीपाशी सोडून ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. कामाची रीतच अशी होती, की शब्द वाईट वाटला तर अडवायचा, साधा वाटला तर सोडायचा. त्यामागे काय दिसतं ते उघडून बघायला कोणाला वेळच दिलेला नव्हता. साहेब शांतपणे म्हणाले, बाहुली अडवली तर खेळणीवाले बोंब मारतील, आणि त्या मुली उद्या दुसरा शब्द धरतील. हे खरं होतं, म्हणून तर तिला जास्त चीड आली.

"शब्दच बघत बसायचं का आपण? पोरी कधी बघणार?"

मीटिंगमध्ये विषय घेऊ, साहेब म्हणाले. मीटिंगच्या नावाने बोटं मोडतच ती घरी आली आणि सगळा राग निघाला लेकीवर. असल्या चोरवाटा शिकवल्या कोणी? सरळ विचारायला तोंड नव्हतं का?

लेक भिंतीकडे बघत होती.

"सरळच विचारलं होतं, आई. फोनला. जेवणाची भीती वाटते, काय करू, असं लिहिलं. तर आलं, हा विषय तुझ्या वयाला योग्य नाही. दरवेळी तेच. मग एका मुलीने सांगितलं, बाहुलीचे कपडे म्हणून शोध. त्या निदान बोलल्या तरी माझ्याशी."

शोध अडवला की दिसणारं ते वाक्य गाळणीबाईचंच होतं. मोजकं आणि सभ्य लिहिलंय, म्हणून साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं होतं. चोरवाटेवर पहारा नव्हताच, पण राजरस्त्याला कुलूप तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं.

तिने साहेबांना फोन लावला. बाहुलीचं सावकाश बघा, आधी ते वाक्य काढा आणि तिथे एखाद्या डॉक्टरचा नंबर द्या. साहेब म्हणाले, परवानगी लागेल.

"ती तुम्ही घेत बसा. मी काढतेय."

तिने खरंच काढलं. उद्या नोकरी राहील की जाईल, कोण जाणे. मग लॅपटॉप मिटून ती लेकीसमोर येऊन बसली.

"आता तेच परत विचार," ती म्हणाली. "मला."