मोठ्या बाईचं जेवण

गार्गीनं तोंड मिटलं ते मिटलंच. अडीच वर्षांची पोर, परवापर्यंत वरण-भाताचा वाडगा चाटूनपुसून साफ करणारी. सेलू गावच्या एका लग्नाहून परत आली आणि घास समोर आला की मान फिरवायला लागली. "मंग," एवढंच म्हणायची. मंग म्हणजे नंतर, आणि ते नंतर काही उगवायचं नाही.

तिची आई रीता पार टेकीला आली होती. बोरगाव मेघेतल्या त्या घरात सकाळपासून तिचा जीव एका वाडग्यात अडकलेला. भातावर तूप सोडून झालं, पोळीचा लाडू करून झाला, मोबाईलवर माकडं नाचवून झाली. गोरसपाकाचं बिस्कीट म्हणजे या कार्टीचा जीव की प्राण, पण तेही आता ती बापाच्या, निकेशच्या हातावर नेऊन ठेवायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी वजन उतरलं तर भरती करावं लागेल. रीता दमली होती, आणि दमलेल्या माणसाला सल्ले मात्र भरपूर मिळतात.

"लग्नात नजर लागली," सासूबाई, रुख्मिणीबाई म्हणाल्या. "एवढुसं लुगडं नेसवलं होतं मी तिले. सारे म्हणत होते, पाहा, गार्गी मोठी बाई झाली." त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मग हात झटकत म्हणाल्या, "माह्या पोरानं नाई बाप्पा असं केलं कधी." टोला कोणाला होता, ते सांगायला नको.

रविवारी दुपारी रीता पुन्हा वाडगा घेऊन निघाली. पोर पलंगाआड प्लास्टिकची ताटं मांडून बसली होती. हत्तीला वाढलं, अस्वलाला वाढलं. "हे बाबा. हे आजोबा. जेवा." कापडाची बाहुली बाजूला भिंतीशी उभी केलेली.

"हे कोण?" रीतानं विचारलं.

"मम्मी."

"तिले काऊन नाई वाढलं?"

"मम्मी मंग जेवते."

"अन् तू?"

"मी बी मंग. मी मोठी बाई झाली."

रीता वाडगा बाजूला ठेवून खाली बसली. रडू नाही आलं, राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. लग्न होऊन आल्यापासून ती रोज हेच म्हणत होती, तुमी जेवून घ्या, मी मंग जेवतो. मग सगळी आवराआवर झाली की ओट्याशी उभ्यानं, जे उरलं असेल ते. तोवर पोर झोपलेली असायची. आईला जेवताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. उपाशी राहून ही आपल्यासारखी व्हायला निघाली आहे, हे काही रीताला सहन होईना.

थोड्या वेळानं सासरे प्रभाकरराव आणि निकेश जेवायला बसले. रीतानं दोघांना वाढलं, मग आपलंही ताट आणलं आणि गार्गीला जवळ घेऊन तिथंच बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"वरण वाढजो थोडं," प्रभाकरराव मान वर न करता म्हणाले.

"माहा हात उष्टा झाला, बाबा. वरणाचा गंज तुमच्याजवळच आहे."

उष्ट्या हातानं वाढायचं नाही, हे तिला याच घरानं शिकवलेलं. प्रभाकररावांनी जन्मात पहिल्यांदा पळी धरली, तीही डाव्या हातानं. अर्धं वरण ताटात पडलं, अर्धं फरशीवर. निकेशनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा फरशीकडे, आणि उठून फडकं आणलं.

गार्गी आईच्या हलत्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं आईच्या ताटातला तुकडा उचलला आणि चावला. मग आणखी एक. तिसऱ्याला मान हलवून ती उठून गेली. दोनच तुकडे, पण गेले पोटात.

रीतानं वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात रुख्मिणीबाई उभ्या.

"माह्या सासूनं तं ताटच फेकून देल्लं असतं माहं," त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी फळीवरून आपलं ताट काढलं, त्यात भाकर घेतली आणि रीताशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सरक जराशी."