बिब्ब्याचा डाग

अपेक्षानं वडिलांचा डावा पाय ओढून मांडीवर घेतला आणि मोबाइलचा उजेड टाचेवर धरला. सितारामरावांनी पेपर खाली केला नाही. एसटीच्या गर्दीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला पायाची ओढाताण नवी नव्हती.

दिवाळीत डाग वाटाण्याएवढा होता. आता रुपयाएवढा, काळा, मधेच तपकिरी, कडा कुरतडल्यासारख्या.

“आबा, तुकडा काढून तपासायला पाहिजे. कातडीचा कॅन्सर असू शकतो.”

“बिब्बा हाय त्यो. काटा मोडला तवा दगडाबाईनं तापवून घातला, त्याचाच काळा डाग. तुमच्या कॉलेजात बिब्बा शिकवत न्हाईत वाटतं.”

अपेक्षा जिंतूरला जीवशास्त्र शिकवायची. न ऐकणाऱ्यांसमोर बोलत राहण्याचा तिला पगारच मिळायचा.

“अन् असला तरी,” पेपरामागून आवाज आला, “अंगात शिपाई असतेत म्हणं. करतेन बंदोबस्त.”

“असतात. मारेकरी पेशी. त्या प्रत्येक पेशीला चाचपून बघतात. आपल्या पेशीच्या अंगावर ओळखीचा रेणू असतो, पासासारखा. तो दिसला नाही, किंवा आजारी पेशीच्या अंगावर उगवतात तशा खुणा लागल्या, की तिला मारतात.”

“मग करू दे की काम. मधी कशाला पडायलीस?”

“कॅन्सरची पेशी कधीकधी पास ठेवते आणि त्या खुणा अंगावरून झाडून रक्तात सोडते. मारेकरी पेशी त्या सुट्या खुणांतच गुंतून पडते.”

पेपर खाली आला.

“मंजी पास खरा, गडी लबाड.”

“तसंच.”

“मानवतच्या गाडीला होते माझ्या असले दोघं.”

“उतरवलं का?”

“कसं उतरवणार? पास खरा होता ना.”

पेपर पुन्हा वर गेला. “बिब्ब्यापायी परभणीच्या दवाखान्यात गेलो तर पार चारठाणा गावापर्यंत लोक हसतेन.”

अपेक्षानं चप्पल घातली. दहा मिनिटांत ती दगडाबाईला घेऊन आली. गावात कुणाच्याही पायात काटा मोडला की चाळीस वर्षं बिब्बा गरम करणारी हीच म्हातारी. तिच्या हाताबद्दल शंका काढायची पद्धत गावात नव्हती.

“सांग हिला, दगडामाय,” सितारामराव खुशीत म्हणाले. “डाग कुणाचा हाय ते.”

दगडाबाई भुईवर बसली. पदराचं टोक ओलं करून तिनं टाच पुसली, मग अंगठ्यानं कडेकडेनं चाचपत गेली. एक फेरी झाली. तिनं दुसरी घेतली.

“काटा कवा मोडला व्हता?”

“पोळ्याला.”

“आता होळी आली.” तिनं अंगठा उचलला. “माझा बिब्बा महिना-दीड महिन्यात कातडीसंगं सुटून जातो, सितारामा. ह्यो माझा न्हाई.”

“मग कुणाचा?”

सितारामरावांनी पेपरची चौघडी केली, ती पुन्हा अर्ध्यात दुमडली.

“साडेअकराची परभणी सापडंल,” ते म्हणाले. “खिडकी मिळणार न्हाई.”

अपेक्षा त्यांचं आधार कार्ड शोधायला आत गेली. दगडाबाई मात्र उठली नाही. कुणाकुणाच्या पायाला बिब्बा घातला, त्यांची नावं ती बोटांच्या पेरांवर मोजत होती. दुसरा हात संपला तेव्हा गुडघ्यावर जोर देऊन उभी राहिली आणि घराकडं न जाता खालच्या आळीला वळली.

पहिलं दार महारुद्रचं होतं. तो नुकताच जेवायला बसला होता.

“पाय दाखव,” दगडाबाई म्हणाली.

“का गं माय, काय झालं?”

“काय झालं ते मला बघू दे. दाखव आधी.”