भुंग्याला शिकवलेला शब्द

कुत्र्याला कसला डॉक्टर, असं मी म्हणलो व्हतो, हे आधीच कबूल करतो. मागनं कुणी म्हणायला नगं, की भिमाआबानं आपलं झाकून सांगितलं. आम्ही मेंढरंवाले. जनावराचा पाय धरला की सळई तापवायची, डाग द्यायचा आन् द्यायचं सोडून. भुंग्याचं मागलं अंग धरलं तवा मी सळई चुलीत घातली बी व्हती. आमच्या सुनेनं, अंकितानं, ती उचलून पाण्याच्या बादलीत खुपसली. म्हणली, डाग दिलात तर मी घरात जेवायची न्हाई. कोरेगावच्या कंपनीत पाळीनं कामाला जाणारी पोरगी ती, तिच्यापुढं माझं काय चालतंय डोंबल.

भुंग्या तेरा वर्षांचा. मेंढरं इकून सहा वर्षं झाली. लेकानं, बिरदेवानं, हितं राहू गावात ऊस धरला, फरशीचं घर बांधलं, आन् मेंढरांचं पत्र्याचं शेड मागं तसंच पडून राहिलं. जुन्या दिवसांतलं उरलं काय, तर ते शेड, हे कुत्रं आन् मी. म्हाळसा, माझी मालकीण, तिला जाऊन चार वर्षं झाली.

नाव भुंग्या का, ते सांगतो. पिल्लू व्हतं तवा दिसभर हूं हूं हूं करायचं, भुंग्यावानी. भूक लागली हूं, थंडी वाजली हूं. तवा आमची मेंढरं वरवंडच्या अंगाला एका बागायतदाराच्या रानात बसवली व्हती. शेजारी ऊस, उसात बिबट्या. पिल्लाच्या कण्हण्यावर बिबट्या येतो, असं समदे म्हणायचे, आन् मालक बी कुरकुर करायचा. मग मी त्याला शिकवलं. हूं केलं की मुठीत थोबाड दाबायचं आन् म्हणायचं, गप. आठ दिस. नवव्या दिशी मूठ लागली न्हाई, नुसता शब्द पुरला. बिबट्या दिसला की गाव उठवील असा भुंकायचा, पर सोताच्या दुखण्याचा आवाज त्यानं पुन्हा काढला न्हाई. एकदा घोडीनं पायावर पाय दिला, नख निघालं, तरी गप. मी बाजारात छाती फुगवून सांगायचो, माझं कुत्रं मरंल पर कण्हायचं न्हाई. लई मोठी मर्दुमकी वाटायची मला.

तर अंकितानं हट्टच धरला, म्हणून बिरदेवानं पिकअपमधी घातला आन् वरवंडला सारिका डॉक्टरीणबाईंकडं नेला. बाईंनी खुबा दाबला, पाय मागं ओढला. भुंग्यानं नुसते कान पाडले. बाई म्हणल्या, आबा, हा कण्हतो का कधी?

मी म्हणलो, "कवाच न्हाई. तक्रारच न्हाई त्याची. काय दुखत नसंल."

बोललो आन् माझं मलाच खटकलं. कारण हेच वाक्य, असंच्या असं, मी आधी एकदा बोललो व्हतो. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरनं इचारलेलं, बाईंचं पोट कधीपासून दुखतंय. म्हाळसा बाकावर बसलेली, भिंतीकडं बघत. उत्तर मी दिलं, कवा तक्रारच न्हाई तिची. त्यानंतर बावीस दिस जगली ती. आन् तक्रार का न्हाई, तर वाड्यावस्त्यांवर फिरताना सुरवातीच्या वर्षांत ती एकदा पोट धरून कण्हली व्हती, मालकाचा माणूस समोर उभा. मला लाज वाटली. मी म्हणलो व्हतो, गप.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवला. खुब्याचं हाड झिजलंय, म्हणल्या, हे बरं व्हायचं न्हाई, पर त्रास कमी करता येतो. मी आपली गुडघ्याची अर्धी गोळी त्याला दोनदा चारली व्हती, ते सांगितल्यावर मात्र लई झापलं मला. माणसाच्या गोळीनं कुत्र्याचं पोट आतनं फाटतं म्हणं. त्याची गोळी येगळी, ती भाकरी खाल्ल्यावरच द्यायची. फरशीवर पाय घसरतो, तर पोती अंथरायची. खुबा सकाळ-संध्याकाळ शेकायचा. उठताना पोटाखालनं टॉवेल घालून उचलायचं. वजन वाढू द्यायचं न्हाई. तो सांगत न्हाई तर तुम्ही बघायचं, एकच जागा चाटतो का, बसल्या बसल्या धापतो का. शेवटी म्हणल्या, मूत्रपिंड कमजोर हाय म्हणून गोळी हलकी देतीय, पर आवाज काढला, कण्हला, तर लगीच फोन करा. म्हंजी ही गोळी पुरत न्हाई असं समजायचं.

त्या दिसापासनं मी त्याचा आवाज धरून बसलो. खोटं कशाला सांगू, म्हाळसाचं जे चुकलं ते ह्याच्यात भरून काढायचं असं मनात बसलं व्हतं. सगळ्या घरात पोती अंथरली. बिरदेव म्हणला, आबा, घर हाय का मार्केट यार्ड. म्हणंना का. शेकायचो, उचलायचो, रानाच्या बांधापातूर टॉवेल धरून चालवायचो. आन् कान टवकारून असायचो. पर भुंग्या गप. दुपारी मी लिंबाखाली आडवा झालो की तो मागलं अंग ओढत शेडात जायचा आन् म्हाळसाच्या जुन्या घोंगडीवर पडायचा. सावली हाय, पडंना का, असं मी म्हणायचो.

मग एका दुपारी डोळा लागत व्हता आन् ऐकू आलं. हूं. बारीक, शेडाच्या अंगानं. पुन्हा हूं.

म्हाळसा पाण्याचा हंडा उतरवताना अस्साच आवाज काढायची.

मी उठलो, शेडाकडं गेलो, दाराचा झापा सारला. आत भुंग्या, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, माझ्याकडं बघत. आवाज कुठला न्हाई. मी तसाच मागं सरलो. दुसऱ्या दिशी तेच, तिसऱ्या दिशी तेच. मी गेलो की बंद. बिरदेवाला सांगितलं तर म्हणला, आबा, ऊन लागलंय तुम्हाला. आवसंला मी कुणाला न सांगता शेडात म्हाळसाच्या नावानं निवद ठेवला, तिला आवडायचा तसा, गुळाचा मलिदा. निवद भुंग्यानं खाल्ला आन् आवाज काय थांबला न्हाई.

आता माझा सोभाव असा, की भ्यालो की मला राग येतो. महिना झाला आसंल. त्या दुपारी आवाज आला, लांबलचक, आन् माझं डोस्कं फिरलं. लिंबाखालनंच वरडलो, "गप. गप म्हणतो ना तुला."

कापल्यासारखा आवाज थांबला.

गुरुवार व्हता, अंकिताच्या कंपनीला सुट्टी. ती शेडामागं सरपण काढत व्हती. पदराला हात पुसत आली आन् माझ्यापुढं उभी राहिली. तिचं तोंड बघूनच मी उठून बसलो.

"आबा, तो भुंग्या व्हता," ती म्हणली.

मी म्हणलो, येडी का काय तू. महिनाभर मी जाऊन बघतोय, त्याचं तोंड मिटलेलं असतं. ती म्हणली, तुमच्या पायताणाचा आवाज आला की मिटतो तो. मला पटंना. मग तिनं मला घरात बसवलं, तासभर बोलू दिलं न्हाई, आन् पायताण काढायला लावून मागच्या बाजूनं नेलं. पत्र्याला भोक हाय. मी डोळा लावला.

भुंग्या कण्हत व्हता. थोबाड घोंगडीच्या घडीत खुपसून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. अंग थरथरत व्हतं. इतकी वर्षं मी त्याला भाकरी घातली, आन् माझ्यापासनं लपून ते दुखणं काढत व्हतं. मी तिथंच खाली बसलो.

अंकिता, म्हाळसाला ती आत्या म्हणायची, माझ्याकडं न बघता बोलली.

"आत्या बी हितंच यायच्या, ह्याच घोंगडीवर. आबाला सांगू नगंस म्हणून शपथ घातली व्हती मला."

रडलो, त्यात काय लपवायचं. मग फोन लावला आन् डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कण्हतोय, महिना झाला कण्हतोय, मीच त्याला गप करत व्हतो. बाई रागावल्या न्हाईत, त्याचंच जास्त लागलं मला. त्यांनी जोडीला दुसरी गोळी दिली, शिरंतनं कळ येती तिच्यावरची. धा-बारा दिसांत फरक पडला. भुंग्या आता दुपारी शेडात जातच न्हाई. लिंबाखाली माझ्या पायाशी पोत्यावर पडतो आन् चक्क घोरतो. मी त्याच्या खुब्यावर हात ठेवून असतो, आन् सारखं त्याला म्हणतो, बोल बाबा, बोल. तो शब्द काय त्याला ठाऊक न्हाई.

आन् तरी आवाज येतो.

भुंग्या हितं माझ्या हाताखाली झोपलेला असतो, तोंड मिटून. शेड रिकामं असतं. अंकितानं गुरुवारी भोकातनं बघितलं, आत नुसती घोंगडी. तिला ऐकू येत न्हाई, बिरदेवाला न्हाई. मला येतं. हूं, बारीक, हंडा उतरवल्यावानी.

आता मी गप म्हणत न्हाई. पायताण हितंच काढून ठेवतो, हळू जातो, झापा सारतो, घोंगडीपुढं बसतो आन् इचारतो, म्हाळसा, कुठं दुखतंय गं तुला?

वीस दिस झाले, रोज इचारतोय. अजून तिनं सांगितलं न्हाई.