दोन प्रहरांचं मलम

मी सावित्राबाई, तिकोणा पेठंच्या वरल्या वाडीतली. घाटात इजेची गाडी नवी सुरू झालती, त्या सालची गोष्ट. तंगडतोड करत लोणावळ्याला गेलते ती भांडायलाच, आधीच सांगून ठेवते.

माज्या लेकीच्या, हिरीच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग. ऊन लागलं की तितली कातडी भाजून निघती. आन् चैत्रात भाताच्या वाफ्यावर राब जाळायला पाला तोडायचा तर घरात बसून कसं भागंल? म्हणून लोणावळ्याच्या हौशीराम दुकानदाराकडनं मलमाची डबी आणली. "बंगल्यातल्या मडमा हेच लावतात," म्हणाला. डबीवरच्या अक्षरांवर बोट फिरवून वाचूनबी दाखवलं, "दोन प्रहर उन्हापासून संरक्षण. म्हणजे सहा तास, मावशी! बिनघोर पाठवा लेकीला."

पाठवली. सकाळी मलम चोपडलं आन् दुपार व्हायच्या आधीच दोन्ही हातांवर हे एवढाले फोड! आठ दिस झाले, पोरीची मूठ मिटंना. घास मी भरवते.

तशीच दुकानात गेले आन् डबी हौशीरामच्या पुढ्यात आपटली. "वाच मेल्या परत!"

त्यानं वाचलं आन् हसला. "दोनप्रहर म्हणजे दुपार, मावशी. हे दुपारच्या उन्हाचं मलम. तुम्ही सकाळी लावलंत, त्याला मी काय करू?"

अगं बया! तवा सहा तास, आन् आता दुपार! माजं टाळकंच फिरलं. भाईर ऊन मी म्हणत होतं.

"आता दुपारच हाय न्हवं? मग फास तुज्या हाताला आन् बस पायरीवर."

"मी बसेन हो. पण मला दुकान आहे."

"मग तुजी लेक बसव."

आतल्या दारात त्याची सात-आठ वर्षांची गोरीपान पोर उभी होती. हौशीरामनं झटकन तिला मागं ओढलं. "ती नको. तिची कातडी नाजूक आहे, भाजेल ती!"

 गिऱ्हाइकांतल्या एका बाईनं हातातली तसलीच डबी परत फळीवर ठेवली. आपण काय बोलून बसलो, ते हौशीरामलाबी कळलं. तोंड उतरलं मेल्याचं.

मला वाटलं होतं, त्याच्या सात पिढ्या उद्धरीन. पर शिवीच फुटंना.

"आन् माज्या हिरीला बिनघोर पाठवा म्हणालास," मी म्हणाले.