तीन महिन्यांची मुदत

सुभेदाराने गठ्ठ्याची सुतळी सोडली, कागद पुन्हा सारखे केले आणि बायकोचा अर्ज उचलून सगळ्यात वर ठेवला. सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्यापासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. शेजारी बसलेल्या मिस्त्रीला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्याच्या जुन्या दोस्ताला, आता ते बघवेना.

"अरे, किती वेळा बांधशील? झिजतील ते कागद."

"वरचा नीट दिसला पाहिजे. घरच्या बाईनेही सही केलीय, हे कळू दे त्यांना."

सुभेदार सैन्यात कधीच नव्हता. बँकेच्या दारापाशी, स्टुलावर, स्वतःची परवान्याची दुनळी बंदूक मांडीवर घेऊन त्याने एकतीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात चोरावर सोडा, कावळ्यावरही गोळी झाडली नाही. 'सुभेदार' ही पदवी मिळाली ती मिशीमुळे. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली होती. स्टूल गेलं, गणवेश गेला, बँकेत शिरताना मान लववणारी माणसं रस्त्यात ओळखेनाशी झाली. उरली ती बंदूक. आणि आता सरकारने नवा नियम आणायचं ठरवलं होतं. खाजगी बंदूक घरात ठेवायची नाही, पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जमा करायची, कामापुरती सही करून न्यायची आणि काम झालं की परत आणून द्यायची. सुभेदाराला आता काम कुठलं? म्हणजे एकदा गेली की गेलीच.

दोन महिने त्याने जिवाचं रान केलं. छापील अर्ज वाटले, परवानेवाल्यांच्या सभा घेतल्या, वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन तासन्तास ताटकळला. सभेत शंभर-दीडशे माणसं माना डोलवायची. आज खरी वेळ आली तर मोजून अकरा जण उगवले होते, आणि त्यातलेही दोघं पंख्याखालची जागा धरून डुलक्या काढत होते.

"आज यांनी ऐकलं नाही ना," तो मिस्त्रीला म्हणाला, "तर मी संपलो."

"बंदूक जाईल. तू कशाला संपतोस?"

सुभेदाराने सुतळीची गाठ आवळली. ती सारखी निसटत होती.

बायकोच्या सहीसाठी त्याने तीन आठवडे तिचा पिच्छा पुरवला होता. पुढाऱ्याच्या घरचाच अर्ज नाही म्हटल्यावर लोक तोंडावर हसले असते. ती रोज "ठेवा तिथे, बघते" म्हणायची आणि कामाला लागायची. आज सकाळी तो बूट घालत असताना तिने घडी केलेला अर्ज पुढे केला. त्याने उघडला, खाली सही आहे एवढं पाहिलं, आणि त्याला इतका आनंद झाला की चष्मा शोधण्याचंही सुचलं नाही.

"वाचा तरी," ती म्हणाली.

"तिथे वाचतीलच की," असं म्हणून तो चष्म्याशिवायच निघाला होता.

आत बोलावणं आलं. लांबट टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या, सकाळपासून माणसं ऐकून ऐकून दमलेल्या. बाजूला कारकून. बाईंनी गठ्ठा जवळ ओढला.

"तोंडी म्हणणं नंतर घेऊ. आधी नमुन्यादाखल काही अर्ज वाचून नोंदवू या. वरून सुरू करा."

सुभेदाराने मिस्त्रीकडे बघून मिशीवरून बोट फिरवलं. कारकून बाजाराची यादी वाचावी तसा वाचू लागला.

"'नव्या नियमाला माझा विरोध आहे, कारण', हे छापील आहे. पुढचं हाताने. 'कारण त्यात बंदूक जमा करायला तीन महिन्यांची मुदत दिली आहे. ती फार आहे. आठ दिवस द्या. जमलं तर आजच घ्या.'"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. कारकुनाने कागद उलटून पाहिला आणि तसाच पुढे गेला.

"'मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून आमच्या घरात थोरली आहे.'"

"थोरली कोण?" बाईंनी विचारलं. "पहिली बायको?"

आता सगळी खोली हसली. फक्त सुभेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. नवी नवरी घरात आली, भिंतीवर बंदूक पाहिली आणि म्हणाली होती, "म्हणजे मी धाकटी म्हणायची." तेव्हापासून बंदुकीला घरात दुसरं नाव नव्हतं. आणि हे नाव घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

"वाचा पुढे," बाई म्हणाल्या.

"'हे रोज दुपारी थोरलीला घेऊन आतल्या खोलीत बसतात आणि दार लावतात. साफ करतो म्हणतात. खरंच साफ करतात तेव्हा तेलाचा वास दाराखालून बाहेर येतो. तो आला की मी माझ्या कामाला लागते. काही दिवस वास येत नाही. मग मी दाराबाहेर शिवण घेऊन बसते. फार वेळ झाला की काहीतरी काढते. नळ गळतोय म्हणते, बरणीचं झाकण निघत नाही म्हणते. हे चिडतात, पण बाहेर येतात. झाकणं मीच घट्ट लावून ठेवते. आता हातात तेवढा जोर राहिला नाही. मला तीन महिने जमणार नाही.'"

कारकुनाचा आवाज शेवटी शेवटी उतरत गेला होता. हसणं केव्हाच थांबलं होतं. डुलक्या काढणारे दोघंही जागे झाले होते.

सुभेदार समोरच्या टेबलाच्या पायाकडे बघत राहिला. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी त्याने दोन्ही नळ्यांत काडतुसं घातली होती आणि मन घट्ट करत बसला होता. बाहेरून हाक आली, "अहो, हे झाकण जरा काढून देता का?" तो मनातल्या मनात तिच्यावर जळफळला होता. माणसाला एवढंही निवांतपणे करू देत नाही. काडतुसं काढून ठेवून तो बाहेर गेला, झाकण उघडलं आणि "साधी बरणी उघडत नाही तुला" म्हणून वर तिलाच बोलला. ती "नाही हो उघडत" म्हणाली होती. असं किती वेळा झालं, ते त्याला आठवेना. आपल्या बायकोच्या हातून घरातलं काहीच कसं नीट होत नाही, एवढंच तो सगळ्यांना सांगत आला होता. त्याला शरमेने बसवेना.

"हा विरोध धरायचा की पाठिंबा?" कारकुनाने हळूच विचारलं.

"सही कुणाची ते वाचता येत नाहीये," बाई म्हणाल्या. "ओळख पटली नाही तर अर्ज बाद करावा लागेल. कोणी आणलाय हा?"

मिस्त्रीने सुभेदाराचा दंड धरला. "गप्प बस," तो कुजबुजला. "बाद होऊ दे. तीनशे अर्ज आहेत खाली."

सुभेदार उठला. दंड मिस्त्रीच्या हातातून आपोआप सुटला.

"मी आणलाय. माझी बायको आहे ती."

बाईंनी चष्मा काढला. "त्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे का?"

सुभेदाराच्या खिशात चार पानांचं भाषण होतं. पाठ केलेलं, आरशासमोर म्हणून पाहिलेलं. ते त्याने काढलं नाही.

"तेलाचं बरोबर आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सगळंच बरोबर आहे."

"तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

"मालखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. "पाच," कारकून म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

दोघं बाहेर आले. नियम लागू झाला तर मिस्त्रीच्या दुकानाला कुलूप लागणार होतं, तरी तो खिशातून गाडीची किल्ली काढत जिन्याकडे निघाला. सुभेदाराने त्याच्यामागून दोन पायऱ्या उतरून घरी फोन लावला.

"झालं?" बायकोने विचारलं.

"वाचलं त्यांनी. सगळ्यांसमोर."

"मी म्हटलं होतं, आधी वाचा."

"हो." त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण ते जिन्यात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. "पाचच्या आत नेऊन देतो. मिस्त्रीची गाडी आहे. वेळ जायला नको, तू थोरलीला कपाटातून काढून दाराशी आणून ठेवशील का?"

इतक्या वर्षांत त्याने तिला बंदुकीला बोटही लावू दिलं नव्हतं. फोनमधून तिची पावलं ऐकू आली, मग आतल्या खोलीच्या दाराची करकर, मग कपाट उघडल्याचा आवाज.

"दिसली," ती म्हणाली. "कुठे धरू? भरलेली नाही ना?"

सुभेदाराने नाही म्हणायला तोंड उघडलं. कालची दुपार आठवून पाहिली. परवाची आठवली. दार लावलं होतं, खुर्ची खिडकीकडे ओढली होती, मग तिची हाक आली होती. त्यानंतर काडतुसं काढली होती की नाही, ते काही केल्या आठवेना.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "तशीच बाहेर ये. मी येतोय."